सात चाळीसचं चित्र

भगवंतराव पिंगळ्यांनी उभ्या आयुष्यात एकच काम जीव लावून केलं. लोकांच्या तोंडावरचे डाग काढले. बार्शीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथं एका उतरत्या टेबलावर, काचेखाली दिवा लावून, ते निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करत बसायचे. कांजिण्यांचे वण, मुरमं, भाजल्याच्या खुणा, सगळं जायचं. "पोरगी दाखवायची असेल तर आधी पिंगळ्याकडं न्या, मग पाहुण्याकडं," असं गावात म्हणत. आणि गडी खरंच पोचलेला होता. डाग काय, कुणीही घासून काढील हो. पण जिथं घासलं तिथं फोटोतल्या बारीक ठिपक्यांचा दाणा आजूबाजूच्या दाण्याशी असा जुळवायचा, की खुद्द त्या पोरीच्या आईलाही जागा सापडू नये, ही कला. ती त्यांच्या बोटांत होती. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा तीच कला त्यांनी माऊसवर बसवली.

मग फोन शहाणे झाले. फोटो काढायच्या आधीच तोंड साफ करायला लागले. ज्या कामाला भगवंतरावांना अख्खी दुपार लागायची, ते फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत करायचा, आणि तेही फुकट. गिऱ्हाईक आटलं. स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आलं आणि भगवंतराव घरी बसून भाजीत मीठ कमी का जास्त यावर बायकोशी वाद घालायला लागले.

प्रमिलाबाईंनी दोन वर्षं काढली कशीबशी. मग लेकीला फोन केला, "ऋतू, तुझ्या बापूंना काहीतरी काम लावून दे बाई. नाहीतर मी तरी पंढरपूरला जाऊन बसते कायमची."

ऋतुजा सोलापूरला 'तातडी' नावाच्या ड्रोनसेवेत उड्डाण अधिकारी होती. रक्त, लशी, सर्पदंशाचं औषध, असलं सगळं घेऊन त्यांची ड्रोन खेडोपाडी उडत. कुठलं ड्रोन सोडायचं आणि कुठलं थांबवायचं, हे ठरवणारी ही पोरगी. पुढच्याच रविवारी ती एक लांबोडकं खोकं घेऊन बार्शीला आली आणि बापाला गच्चीवर घेऊन गेली. खोक्यातून दुर्बीण निघाली.

"रात्री तारे बघायचे होय?" भगवंतराव म्हणाले. "मला तर साडेनऊला झोप येते."

"तारे नाहीत, बापू. सूर्य. आणि नुसता बघायचा नाही, फोटो काढायचे. पण आधी नियम ऐका." तिनं चांदीच्या कागदासारखा एक फिल्टर हातात घेतला. "हा दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लावायचा. मागं, डोळ्याच्या बाजूला कधीच नाही. मागं लावला तर उन्हानं तडकतो, आणि मग डोळा गेलाच म्हणून समजा. ही शेजारची छोटी शोधक दुर्बीण, तिला टोपण."

"मग सूर्य सापडायचा कसा?"

"सावलीनं. जमिनीवर दुर्बिणीची सावली लहानात लहान झाली की नेम लागला."

भगवंतरावांनी सावलीवर नजर ठेवून दुर्बीण फिरवली, मग डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "अगं," ते म्हणाले, "याच्या तोंडावर तर डाग आहेत की!"

"हात लावू नका हं. तेच तर बघायचेत आपल्याला," ऋतुजा हसली.

पायऱ्यांवरून प्रमिलाबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं गावाचं तोंड घासलं, आता देवाचं घासायला निघालेत."

आता या डागांचं एवढं कौतुक का, ते सांगायला हवं. सूर्यावरचा डाग म्हणजे चुंबकीय रेषांची गाठ. बहुतेक गाठी दिवसेंदिवस सावकाश वाढतात, त्यांचा अंदाज बांधता येतो. पण दहाएक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की काही डाग जन्मालाच वाकडे येतात. चित्रात मोहरीएवढे दिसतात आणि तासा-दोन तासांत फुटतात. फुटताना रेडिओचा असा गोंगाट सुटतो की पृथ्वीवरच्या यंत्रांना उपग्रहांचा बारीक आवाज ऐकूच येत नाही. हा गोंगाट प्रकाशाच्याच वेगानं येतो, म्हणजे स्फोट दिसला तेव्हा तो येऊन धडकलेलाच असतो. पूर्वी याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. रस्ता चुकला तर माणूस पानाच्या टपरीवर विचारून घ्यायचा. ड्रोन कुणाला विचारणार? ते उपग्रहांवर कान ठेवून उडतं. म्हणून मोहरी मोहरीएवढी असतानाच दिसायला हवी.

अंतराळातल्या दुर्बिणींची चित्रं होती, पण ती मोठमोठ्या विमान कंपन्या विकत घेऊन दडवून बसल्या होत्या. 'तातडी'सारख्या छोट्या सेवांना आधार होता तो 'सूर्यपहारा'चा. देशभरातले हजारो हौशी लोक घरच्या गच्चीवरून सूर्याचे फोटो काढून पाठवत, पहाऱ्याचं यंत्र ते एकमेकांशी ताडून बघे आणि धोका किती ते सांगे. ज्याची चित्रं चोख निघत त्याची पत वाढे. पत शंभरपैकी. आणि नियम एकच, पण पक्का: चित्र जसं निघालं तसं पाठवायचं, आपला हात लावायचा नाही.

भगवंतरावांना पुन्हा हुरूप आला. एक फोटो काढून भागत नाही हे त्यांना लवकर कळलं. हवा हलते आणि तिच्यातून सूर्य पाण्यात बघितल्यासारखा थरथरतो. मिनिटभराचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या दोन-तीन हजार फ्रेमांमधून हवा थबकली होती त्या क्षणांच्या दोनशे निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. मग सूर्याचा पृष्ठभाग दिसतो, सगळा दाण्यादाण्यांचा. हे सगळं गच्ची तापायच्या आत, कोवळ्या उन्हात उरकायचं. अंधाऱ्या खोलीत आयुष्य गेलेला माणूस सकाळी सहाला गच्चीवर हजर राहायला लागला.

दुसऱ्याच महिन्यात फजिती झाली. त्यांनी एक झकास डाग टिपला आणि पाठवला. पहाऱ्यानं इशारा दिला, सोलापूरची तीन ड्रोन वीस मिनिटं जमिनीवर बसली. तो डाग नव्हताच. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर धुळीचा कण होता.

"बापू, तुमच्या धुळीनं आज माझी तीन ड्रोन अडवली," ऋतुजा फोनवर हसत होती. "सोपी परीक्षा आहे. कॅमेरा थोडा फिरवायचा. डाग कॅमेऱ्याबरोबर फिरला तर धूळ, सूर्याबरोबर जागच्या जागी राहिला तर डाग. दोन मिनिटांचं काम."

ती हसली, पण पहाऱ्याच्या ग्रुपवर बाकीचे पण हसले आणि पत एकदम एक्केचाळीसवर आली. भगवंतराव दोन दिवस जेवले नाहीत नीट. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा फोटो कुणी परत आणला नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून त्यांना खऱ्या डागापेक्षा धुळीचीच जास्त भीती. कॅमेरा पुसायचे, फिरवायचे, पुन्हा पुसायचे. वर्षभरात पत सत्त्याण्णववर गेली. सबंध जिल्ह्यात पहिली. आणि पंचाण्णवच्या वरच्या पहारेकऱ्याचं चित्र एकटं असलं तरी चालतं, असा पहाऱ्याचा नियम होता.

ऋतुजाला सकाळची पाळी असली की पावणेआठला फोन यायचा. "बापू, सूर्य कसाय?"

"तोंड धुऊन बसलाय."

एवढंच बोलणं. पण कॉलेजला गेल्यापासून ही पोरगी बापाला रोज फोन करत नव्हती, आणि आता करत होती. भगवंतराव पहाटे उठायचे ते सूर्यासाठी थोडे आणि त्या फोनसाठी जास्त. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

भाद्रपदातली गोष्ट. देशभर आभाळ गच्च भरलेलं. बार्शी पडली पावसाच्या आडोशाला, तिथं लख्ख ऊन. त्या दिवशी नऊ वाजता तालुका फोटोग्राफर संघटनेनं भगवंतरावांचा सत्कार ठेवला होता. ज्या संघटनेच्या पोरांनी स्टुडिओ बंद झाला तेव्हा साधी चौकशी केली नव्हती, त्यांना आता 'आपले सूर्यपुत्र पिंगळेबापू' असा फलक लावायचा होता. भगवंतराव लाजले नाहीत, उलट कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालूनच गच्चीवर चढले.

सात वीसचं चित्र रचून झालं आणि त्यांना सूर्याच्या डाव्या गालावर एक बारीक काळा ठिपका दिसला. मोहरीएवढा.

आदल्या दिवशी अगदी तिथंच धुळीचा कण होता. त्यांनी तो पुसला होता, पण धूळच ती, पुन्हा बसायला किती वेळ! कॅमेरा फिरवून बघायला हवा होता. दोन मिनिटं. पण फिरवायचा म्हणजे स्क्रू सैल करायचा, हाताला तेल लागणार, सदरा पांढरा, खाली प्रमिलाबाई हाका मारताहेत, दारात गाडी आलेली. आणि धूळ पाठवली तर? आजच्या दिवशी, सत्काराच्या दिवशी, पत पुन्हा एक्केचाळीस?

हात आपोआप माऊसवर गेला. चाळीस वर्षांची सवय. ठिपका घासला आणि वर सूर्याचा दाणा भरला. पहाऱ्याचं यंत्र फेरफार केलेली चित्रं ओळखतं, भल्याभल्यांना त्यानं पकडलंय. पण असलं टचिंग त्यानं बघितलं नव्हतं. चित्र पास झालं. सात चाळीसच्या चित्रातही तो ठिपका होता, किंचित मोठा वाटला. तोही त्यांनी तसाच भरला. एकदा घासल्यावर दुसऱ्यांदा हात कचरत नाही.

पाच मिनिटांनी फोन आला. "बापू, सूर्य कसाय?" आज ऋतुजाच्या आवाजात घाई होती. "सगळीकडं ढग आहेत, तुमचं एकट्याचंच चित्र आहे. करमाळ्याकडं, उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या गावात एक बाई बाळंत झालीय, रक्त थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह पाठवायचंय. नियमानं उडायच्या आधीचं ताजं चित्र लागतं. आठचं मिळेल का?"

"मी निघालो बाई, गाडी आलीय. पण चित्र स्वच्छ आहे. काही नाही."

"नक्की?"

"अगं, मी सांगतोय ना!"

ड्रोन आठ पाचला सुटलं. आठ एकतीसला सूर्याच्या डाव्या गालावर स्फोट झाला. उपग्रहांचा आवाज गेला तेव्हा ड्रोन उजनीच्या पाण्यावर होतं. अशा वेळी ते कॅमेऱ्यानं खालच्या खुणा ओळखून वाट काढतं, रस्ता, देऊळ, विहीर. पण खाली मैलभर नुसतं पाणी. आठ बावन्नला ते बुडालं. अर्चना गोडगे, वय सव्वीस, दहाच्या सुमाराला गेली. मुलगी वाचली.

भगवंतरावांना हे दुपारी कळलं. सत्काराची शाल आणि नारळ टेबलावर तसेच पडले होते. त्यांनी कॉम्प्युटर लावला. स्टुडिओचा एक नियम त्यांनी अजून मोडला नव्हता: निगेटिव्ह कधी टाकायचं नाही. हात लावण्याआधीची दोन्ही चित्रं कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात होती. सात वीस आणि सात चाळीस एकापुढे एक ठेवल्यावर दिसलं, वीस मिनिटांत मोहरीचा हरभरा झाला होता. धूळ वाढत नाही. दुसऱ्या दिवशी ढग पांगले आणि सगळ्या देशानं बघितला तो डाग, चांगला लिंबाएवढा, त्याच गालावर.

"अहो, काय झालंय? काल दुपारपासून तोंडात घास नाही," प्रमिलाबाईंनी विचारलं.

"त्या बाईचं वाईट वाटतंय," भगवंतराव म्हणाले. तेही खरंच होतं.

त्या दिवशी रात्री त्यांनी तीनदा ऋतुजाचा नंबर काढला. काय सांगायचं, ते शब्दही जुळवून ठेवले. मग पहाऱ्याकडून पत्र आलं. अभिनंदनाचं! सात चाळीसला सूर्य स्वच्छ होता आणि साडेआठला फुटला, याचा अर्थ हा डाग तासाभराच्या आत जन्मला आणि फुटला. आजवर बघितलेला सगळ्यात अल्पायुषी डाग. आपलं चित्र हा पहाऱ्याकडचा त्याचा एकमेव पुरावा, त्यावर आता शोधनिबंध लिहिला जाईल, पहाऱ्याच्या यंत्रालाही ते शिकवलं जाईल. भगवंतरावांनी पत्र वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. उद्या करू म्हणाले.

चौकशी समिती बसली. तिचा हिशेब सोपा होता. पहाऱ्याचं यंत्र बरोबर, चित्र बरोबर. मग चुकलं कोण? डाग आठच्या सुमाराला उगवला असणार, म्हणजे आठच्या चित्रासाठी थांबलं असतं तर तो दिसला असता. ताज्या चित्रासाठी न थांबता, घरगुती फोनवर बापाला विचारून, जिनं ड्रोन सोडलं, तिचं चुकलं. वर्तमानपत्रानं ऋतुजाचा फोटो छापला. 'बापलेकीच्या भरवशावर रुग्णाचा बळी.'

प्रमिलाबाईंनी तो पेपर चुलीत घातला असता, पण घरात चूल नव्हती. मग त्यांनी तो बारीक बारीक फाडला. "माझ्या पोरीनं काय केलं? एक बाई मरत होती म्हणून घाई केली ना? अहो, तुम्ही तिकडं जाऊन सांगत का नाही काही?"

"बोलावलंय समितीनं. साक्षीला," भगवंतराव म्हणाले.

साक्ष कॉम्प्युटरवरच झाली. पडद्यावर चार चौकोन. समितीच्या अध्यक्षबाई, पहाऱ्याचे एक तज्ज्ञ, कंपनीचा वकील आणि ऋतुजा. ती वाळली होती. केस नीट बांधलेले होते, डोळे सरळ कॅमेऱ्याकडं.

तिनं फोन केला होता का? केला होता. काय विचारलं? चित्र स्वच्छ आहे का. तुम्ही काय सांगितलंत? स्वच्छ आहे म्हणालो. तज्ज्ञांनी मध्येच चित्राची तारीफ केली, असं टोकदार चित्र घरच्या दुर्बिणीतून क्वचित निघतं म्हणाले. भगवंतरावांना वाटलं, संपलं. इतक्यात अध्यक्षबाईंनी समोरची एक चिठ्ठी उलगडली.

"एक शेवटचा प्रश्न, पिंगळेसाहेब. चित्र पाठवण्यापूर्वी तुम्ही त्यात स्वतःच्या हातानं काही फेरफार केला होता का?"

कार्ड सदऱ्याच्या खिशात होतं. त्यांनी ते मुद्दाम घेतलं होतं. सांगायचं असं ठरवूनच बसले होते ते, मला याबद्दल शंका नाही. पण तज्ज्ञ कौतुकानं बघत होते आणि दाराआड बायको उभी होती. चाळीस वर्षांत आपला फोटो कुणी परत आणला नाही, हेही त्याच वेळी मनात आलं. माणूस केवढ्याशा गोष्टीसाठी केवढं विकतो!

"नाही," ते म्हणाले. "जसं निघालं तसं पाठवलं."

ऋतुजानं डोळे खाली घातले. तिनं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं, आणि पुढं शेवटपर्यंत वर बघितलं नाही.

निकाल आठवड्यानं लागला. तिची नोकरी गेली, उड्डाणाचा परवाना कायमचा रद्द झाला. अपिलाला दहा दिवस होते. भगवंतराव अकराव्या दिवशी सोलापूरला गेले. आता अकराव्या दिवशीच का, हे त्यांना विचाराल तर ते सांगतील, मध्ये अमावास्या होती, मग प्रमिलाबाईंचं गुडघ्याचं दुखणं काढलं होतं, मग एस. टी.चा संप. यातलं सगळं खरं आहे. आणि तरीही माणूस चालत जाऊ शकतो.

ऋतुजा खोलीतलं सामान भरत होती. तिनं खुर्चीवरची चादर उचलून बापाला जागा केली, पाणी दिलं. भगवंतरावांनी खिशातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ऋतू, यात..."

"माहितेय," ती म्हणाली.

"काय माहितेय?"

"यात काय आहे ते. बापू, मी लहानपणी तुमच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसायचे, आठवतं? शाळेतून आले की अंधार पडेपर्यंत. तुम्ही भरलेला दाणा मला ओळखू येणार नाही होय? सूर्याचे दाणे आडवेतिडवे असतात. तुमचा हात चालतो उजवीकडं कलता. आईच्या लग्नातल्या फोटोत गालावर आहेत तसेच आहेत ते. त्या दिवशी संध्याकाळी मी सात चाळीसचं चित्र मोठं करून बघितलं. यंत्राला दिसलं नाही, तज्ज्ञांना दिसलं नाही. मला दिसलं."

"मग तू बोलली का नाहीस? एवढं सगळं होऊ दिलंस?"

"काय बोलायचं होतं? माझ्या बापानं खोटं चित्र पाठवलं म्हणून? ते तुम्ही बोलायचं होतं." तिचा आवाज चढला नाही, तोच त्रास होता. "पहिला आठवडा वाटलं, धक्का बसला असेल. दुसरा आठवडा वाटलं, धीर होत नसेल. मग मनात आलं, त्यांना सरळ कुणी विचारलंच नाही अजून, आपणहून कसं सांगतील? तो प्रश्न समितीच्या यादीत नव्हता, बापू. ती चिठ्ठी मी पाठवली होती. म्हटलं, विचारलं की सांगतील. माझे बापू तोंडावर विचारल्यावर खोटं बोलणार नाहीत."

खाली भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. भगवंतराव खुर्चीत रडायला लागले, लहान पोरासारखे, रुमाल डोळ्यांना लावून. तिनं जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला नाही. तिच्या मनात आलं असेल, नाही असं नाही. पण ती पिशवीची चेन लावत राहिली.

"चल, आत्ता जाऊ," ते म्हणाले. "समितीकडं जाऊ. मी सांगतो सगळं. तुझं नाव..."

"काल मुदत संपली. मी नाशकात एका शाळेत नोकरी धरलीय, विज्ञान शिकवायचं. माझ्यासाठी आता काही करू नका. नको मला." मग तिनं कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहिलं आणि कार्डाखाली सरकवलं. "हा बालाजी गोडगेचा पत्ता. अर्चनाचा नवरा. आता करमाळ्यात स्टँडच्या मागंच राहतो. तो दर सोमवारी कंपनीच्या गेटवर यायचा, कडेवर ती एवढीशी पोर घेऊन, आणि मला एकच विचारायचा, 'मॅडम, आठच्या चित्रासाठी का नाही थांबलात?' मी दरवेळी मान खाली घालून ऐकलं. त्याला जाऊन सांगा की आठचं चित्र लागलंच नसतं. सात वीसलाच दिसत होतं. आणि पहाऱ्यालाही कळवा, नाहीतर तुमचं ते चित्र यंत्राला शिकवतील आणि उद्या आणखी कुणाचा तरी जीव जाईल. एवढं तरी करा."

"करतो," भगवंतराव म्हणाले. "आत्ता जातो. इथनंच जातो."

"जा," ती म्हणाली. आणि दारापर्यंत सोडायला आली, पण पाया पडली नाही.

सोलापूर स्टँडवर बार्शी-परांडा मार्गे करमाळा गाडी उभीच होती. भगवंतराव चढले, खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "करमाळा. एक ज्येष्ठ." तिकीट चष्म्याच्या डबीत जपून ठेवलं. वैराग येईपर्यंत ते ओठातल्या ओठात जुळवत होते. बालाजीराव, मी पिंगळे. तुमचा गुन्हेगार मी आहे. नाही, एकदम असं नको. आधी पाणी मागावं. तो अंगावर धावून आला तर येऊ दे, मारलं तर मारू दे. कडेवर पोर असेल तर मात्र बोलता येईल का? आणि तरी कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं. याचं त्यांना स्वतःलाही नवल वाटलं.

साडेचारला गाडी बार्शी स्टँडात शिरली. कंडक्टर ओरडला, "दहा मिनिटं थांबेल, चहा-पाणी करून घ्या!" माणसं उतरली, चढली. एका ओळखीच्यानं खालूनच हात केला, "काय बापू, सोलापूरला गेला होता? लेक बरी आहे ना? लई वाईट झालं बघा तिचं. तुमचं चित्र एवढं चोख, आणि पोरीनं..." त्यानं चुकचुक केलं.

"हो ना," भगवंतराव म्हणाले.

ऊन उतरलं होतं. घर स्टँडपासून चालत वीस मिनिटांवर. परांड्यापर्यंत रस्ता खराब, करमाळ्याला पोचायला सात वाजणार, परतीची गाडी मिळेल न मिळेल. आणि परक्या घरात दिवेलागणीला असलं काही सांगायला जाणं बरं दिसत नाही. उद्या सकाळी ताजंतवानं जाता येईल. त्यांनी पिशवी उचलली.

"आजोबा," दारातल्या कंडक्टरनं त्यांना ओळखलं, "तुमचं तिकीट करमाळ्याचं आहे ना?"

"आहे," भगवंतराव म्हणाले. "पण मी इथंच उतरतो."

कंडक्टरनं खांदे उडवले आणि दोनदा घंटी मारली.